बाडात नसलेले बारकूकाका

थांबा, आधी हे ऐका. भाकऱ्या थापायच्या राहिल्यात, पोर रडायच्या बेतात आहे, पण हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं काही खरं नाही.

परवा म्हशाच्या, म्हणजे म्हसा गावच्या, जत्रेत आमच्या ह्यांनी फोटो काढून घेतला. आणि आज सकाळी त्या फोटोला झेंडूचा हार घातला. हे चांगले धडधाकट आहेत हो! आत्ता ओट्यावर बसून शेंगा फोडतायत आणि टरफलं माझ्या झाडलेल्या अंगणात टाकतायत. फोटोला हार, आणि फोटोतला माणूस ओट्यावर. पण घाबरू नका, कारण तो फोटो ह्यांचा नाहीच. तो बारकूकाकांचा आहे. आणि बारकूकाका गेल्या भादव्यात गेले.

नाही ना कळलं? मलाही सासरी आल्यावर काही कळलं नव्हतं. सांगते.

बारकूकाका म्हणजे माझे चुलत सासरे, मामंजींचे धाकटे भाऊ. शहापूरच्या बाजारापासून थोडं आत आमचं घर, पुढे भातशेती, मागे माहुलीचा डोंगर. काका वाळल्या काठीसारखे. डाव्या भुवईला लहानपणी बैलाचं शिंग लागलेलं, त्यामुळे भुवई मधोमध तुटलेली, जणू कुणी भांग पाडलाय. आणि उजव्या हाताचं पहिलं बोट निळं. बारा महिने निळं. जेवताना, पाया पडताना, कुणाच्या लग्नात अक्षता टाकताना, ते निळं बोट आधी दिसायचं आणि मग काका.

माझं लग्न झालं तेव्हा जर्मनची लढाई चालू होती. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, पण नवी सून आली की तिला बाड दाखवायचं हा काकांचा नियम कुठल्याही लढाईने मोडला नाही. मी मुरबाडची, सातवी पास. त्यामुळे काकांना वाटलं, ही शिकलेली आहे, हिला जास्त वेळ दाखवावं.

बाड म्हणजे फोटोंचं बाड. काकांनी स्वतः केलेलं. बाजारातल्या कापडवाल्याकडे कापडाच्या ताग्यात जो पुठ्ठा असतो, तो ते मागून आणायचे, सारखा कापायचे, आणि सुतळीने शिवायचे. वर जुन्या धोतराचं कापड. प्रत्येक पानावर एक माणूस. वर काकांच्या वाकड्या अक्षरात नाव, मधे फोटो, आणि फोटोच्या शेजारी त्या माणसाचं काहीतरी चिकटवलेलं. आज्याच्या शेजारी त्याच्या पागोट्याची चिंधी. काकांच्या आईच्या शेजारी तिच्या लुगड्याचा काठ. कुणाच्या शेजारी तो लावायचा त्या भाताची लोंबी, कुणाच्या शेजारी त्याच्या आवडत्या बैलाच्या गळ्यातला गोंडा.

मी खाली मान घालून बसले आणि काका सुरू झाले.

"ह्यो खापरपणजा. पाया पड."

पडले. खापरपणजा मोटारीत बसला होता. म्हणजे लाकडाच्या फळीवर रंगवलेली मोटार, जत्रेतल्या फोटोवाल्याकडे असते ना, ती. ज्या माणसाच्या वेळी रेल्वे नव्हती, तो मोटारीत.

"ह्यो आजा. ह्यो आमचा बाप. ह्यो चुलता, पटकीत गेला. आनि ही भिवाई आत्या, लई कडक. हिच्या दोनदा पाया पड."

मी पडत गेले. पण खाली मान घातलेल्या सुनेलासुद्धा डोळे असतात. खापरपणज्याची डावी भुवई तुटलेली. आज्याची तुटलेली. बापाची, चुलत्याची, आणि भिवाई आत्याचीसुद्धा! मी ह्यांना हळूच विचारलं, तर हे म्हणाले, "घराण्याची खूण आहे." आणि तोंड फिरवून हसले. मग दुसऱ्या दिवशी काका चुलीपाशी चहा मागायला आले. उजेड नेमका तोंडावर. मी भुवई पाहिली, आणि हातातला पेला पडला.

काकी म्हणजे काकांची बायको. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "कळलं का गो? लवकर कळलं तुला. मोठ्या सुनेला अजून कळलं नाय. सांगू नको, बिचारी लई मनापासून पाया पडते."

तर असं. बाडातले जुने सगळे, म्हातारी आई सोडली तर, भिवाई आत्या धरून, बारकूकाकाच होते.

आता तुम्ही म्हणाल, फसवाफसवी. मीही म्हणाले होते. त्यावर काकांनी मला जे ऐकवलं, ते ऐकायचं तर आमच्याकडचा बोहाडा माहीत पाहिजे. उन्हाळ्यात आमच्या भागात गावोगाव बोहाडा होतो. गावातलीच माणसं देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचत येतात. कुठल्या घराने कुठलं सोंग आणायचं, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. आमच्या घराकडे भीम. आणि हा भीम नाचायचे बारकूकाका! मुखवटा त्यांच्या छातीएवढा, खाली दोन काड्या. लोक हसायचे, पण भीम समोर आला की आयाबाया पोराला त्याच्या पायावर घालायच्या.

काका म्हणाले, "मुखवटा चढवला का मी भीम. लोक पाया पडतात का नाय? मुखवटा उतरवला का मी बारक्या, काकी शिव्या देती. मंग बापाचं सोंग घेतलं तर तो बाप का नाय, सांग. तू सातवी शिकलीस."

सातवीत हे नव्हतं.

पण सुरुवात कशी झाली, ते मला काकीनेच सांगितलं. काकांचा बाप गेला तेव्हा काका रांगत होते. बापाचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. आणि येईल तो माणूस म्हणायचा, "अगदी बापावर गेलाय बारक्या." काका लहानपणी विहिरीत वाकून वाकून बघायचे, बाप कसा होता म्हणून. मोठेपणी म्हशाच्या जत्रेत बैल बघायला गेले, तिथे फोटोवाल्याचा तंबू पाहिला. पेटीसारखा कॅमेरा, काळं कापड, मागे हंस आणि खांब रंगवलेला पडदा, आणि बादलीत बुडवून हातोहात फोटो. काका बैल न बघताच परत आले. पुढच्या वर्षी आपल्या म्हाताऱ्या आईला गाडीत घालून घेऊन गेले.

"तू सांग, तो कसा बसायचा," म्हणाले.

आणि त्या माऊलीने सांगितलं! मिशी जरा खाली. पागोटं कानावर. मान अशी नाय, तशी. छाती काढू नको, त्यांना छाती नव्हती. फोटोवाला काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "आजी, काढू का आता?" ती म्हणाली, "थांब रे मेल्या, अजून ते आले नायत."

शेवटी काय झालं कोण जाणे, काकांनी हात गुडघ्यावर ठेवला आणि ती एकदम म्हणाली, "काढ."

फोटो बादलीतून वर आला. म्हातारीने हातात घेतला, बघितला, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पोटच्या पोराच्या फोटोसमोर! काकी तिथेच उभी होती. ती म्हणते, "मी पण ओढला मंग. सासरे आले म्हटल्यावर काय करनार?"

तिथून काका सुटलेच. बाप झाला, मग आजा कसा मागे राहील? आजा झाला, मग पटकीत गेलेल्या चुलत्याने काय घोडं मारलंय? दर जत्रेला एकेक पूर्वज. आधी गावभर फिरून म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, तो हसायचा कसा, बसायचा कसा, पागोटं कुठलं. त्याची चिंधी, गोंडा, जे मिळेल ते मागून आणायचं. मग जत्रा. तो फोटोवाला त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "या या! यंदा कोण?" आणि काका ऐटीत सांगायचे, "यंदा चुलता."

शेजारचे लोकही मागे लागले. आमच्या बापाचा काढा, आमच्या आज्याचा काढा. काका हात जोडून म्हणायचे, "तुमचा बाप मी कसा होऊ? त्याचा हक्क तुमच्या घराकडं." बोहाड्याचा कायदा, दुसऱ्याचं सोंग उचलायचं नाही. एका पाटलाने नवं धोतर देऊ केलं, तरी काका त्याचे आजोबा झाले नाहीत.

भिवाई आत्याची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. आत्या म्हणजे मिशी काढणं आलं. काकांनी काढली. काकीचंच लुगडं नेसले, काकीचीच नथ घातली, हंसांपुढे बसले, कडक दिसले. मिशी परत येईपर्यंत काकी त्यांच्याशी बोलली नाही. बरं, आली मिशी, झाली बोलाचाली. तर पावसाळ्यात बाड उघडलं आणि बघतात तो आत्याला नाक नाही! काका फोटो चिकटवायला भाताची खळ करायचे, तीही आमच्या वासाच्या तांदळाची. झुरळांना मेजवानी. खळीसकट आत्याचं नाक खाल्लं.

काका म्हणाले, "परत काढाय लागंल."

काकीने हातातली उलथणी खाली ठेवली. "म्हंजी परत मिशी?"

"नाकाबिगर आत्या कशी ठेवायची गो?"

"ठेवा तशीच! आत्याचं नाक जितेपनी तरी कुठं सांगन्यासारखं व्हतं?"

पण काका ऐकतात थोडेच. पुढल्या जत्रेत मिशी गेली, आत्याला नाक आलं, आणि काकीचा अबोला पहिल्यापेक्षा लांबला. त्या अबोल्याला कंटाळून काका कल्याणला एका बाइंडरकडे गेले आणि विचारून आले, की बाबा, झुरळांनी माणसं खाऊ नयेत म्हणून काय करावं. त्याने सांगितलं, खळीत मोरचूद घाला. विषारी असतं, मुलांपासून जपा. तेव्हापासून काका निळ्या मोरचुदाची खळ बोटाने ढवळायचे. काडीने ढवळा म्हटलं तर म्हणायचे, "काडीला दाटपना कळत नाय." म्हणून ते बोट निळं. काकी त्यांना त्या हाताने जेवू द्यायची नाही, चमचा द्यायची. आमच्या घरात साहेबासारखा चमच्याने जेवणारा एकटा बारकूकाका!

पितृपक्षात तर बघायलाच नको. ज्याची तिथी, त्याचं पान उघडून बाड पाटावर उभं करायचे. काका अंघोळ करून यायचे, आपल्याच फोटोला गंध लावायचे, हार घालायचे, वड्यांचा नैवेद्य दाखवायचे, हात जोडून डोळे मिटायचे. काकी दारातून म्हणायची, "घ्या, सोताच मेले, सोताच रडले, आता सोताच वडे खा." मोठ्या जाऊबाई चुलीपाशी असायच्या, त्या सोडून सगळे हसायचे. मग काकी पटकन पुढे व्हायची, पानं वाढायच्या आत हार काढायची, आणि काकांना ओढून मागच्या दारी न्यायची. "हात धुवा नीट, मोरचूद हाय," असं काहीतरी ओरडत. मला वाटायचं, किती ती कटकट. हे लक्षात ठेवा हं, मला पुढे लागणार आहे.

एकदा काकांना हिवताप आला. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मामंजी उशाशी बसले आणि चिडून म्हणाले, "जित्या मान्साच्या फोटोला हार घालतोस, मंग दुसरं काय व्हनार? फाडून टाकतो ते बाड."

काका गोधडीतून म्हणाले, "दादा, फाडशील तर बापाला फाडशील. मी नाय त्यात."

"मंग ताप कुनाला आलाय?"

"ताप मला आलाय. फोटोत मी नाय." आणि एवढ्या तापातही बाडावर हात ठेवून झोपले.

पण त्याच वाक्यात खरी गोम होती. फोटोत मी नाय! बाडात मामंजींचा खराखुरा फोटो होता, म्हाताऱ्या आईचा होता, काकीचा होता, पुढे माझा आणि ह्यांचा लागला, माझ्या बाळाचा लागला. सगळ्यांत शेवटचं पान काकांनी स्वतःसाठी ठेवलं होतं. वर लिहिलेलं, "बारकू". मधे पेन्सिलीने आखलेला चौकोन. शेजारी भीमाच्या मुखवट्याचा एक जुना केस चिकटवलेला. चौकोन रिकामा.

मी म्हणायचे, "काका, तुमचा काढा की एकदा."

"पुढल्या जत्रेला."

लढाईत फोटोचा कागद मिळेना, म्हणून पुढल्या जत्रेला. मग कागद मिळाला तर आमच्या बाळाचा आधी, म्हणून पुढल्या जत्रेला. त्या वेळी तर मी तंबूत त्यांचा हात धरला. फोटोवालासुद्धा म्हणाला, "बसा काका, आज मिशीबिशी नको, असेच बसा." काका बसले. खरंच बसले! आणि मग इकडे हात, तिकडे मान, काही जमेचना. फोटोवाला म्हणाला, "अहो नेहमी तर एका दमात बसता."

काका उठले. मला म्हणाले, "बाप कसा बसायचा ते आईनं सांगितलं. मी कसा बसतो ते कुनी सांगितलंच नाय." आणि हसत हसत बैलबाजाराकडे निघून गेले.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते श्रावणात. ओट्यावर वाटी मांडीत धरून खळ ढवळत होते, बाळाच्या पानावरचा एक कोपरा सुटला होता म्हणून. बाळ वाटीकडे रांगायला लागलं की वाटी डोक्यावर धरायचे. मी गोठ्यात निघाले होते. मला म्हणाले, "पोरी, यंदाच्या जत्रेला बसतो बग. पक्कं." मी म्हटलं, "दर वर्षी असंच म्हणता." त्यांनी निळं बोट वर केलं. बस्स. मी गेले, मला घाई होती. भादव्यात परत ताप आला आणि या वेळी तो उतरला नाही.

तेराव्याला पाटावर फोटो ठेवायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. मामंजींनी बाड उघडलं. बारकू, चौकोन, रिकामा.

पाहुणे जमलेले. मामंजी म्हणाले, "आज्याचा ठेवू. त्यो बारक्याच हाय की."

"मंग आजा कुठं जाईल?" कुणीतरी म्हणालं.

"बापाचा ठेवा."

"आन् बापाच्या तिथीला काय ठेवायचं?"

तेवढ्यात आमच्या मोठ्या जाऊबाई पुढे आल्या. "थांबा. आजा म्हणजे काका? मंग मी इतकी वर्सं पाया कुनाच्या पडत व्हते?" त्यांना तेव्हा कळलं! मागून एक म्हातारा म्हणाला, "आत्याचा ठेवा, त्यात लई चांगला दिसलाय." आणि तेराव्याच्या दिवशी, सांगायला लाज वाटते, सगळं घर हसलं. काकीसुद्धा. पदर तोंडाला लावून इतकी हसली, इतकी हसली, की मग ते हसणं राहिलं नाही.

डोळे पुसून तिने मामंजींना विचारलं, "भावजी, यंदा बोहाड्यात भीम कोन नाचनार?"

मामंजी म्हणाले, "आता कोन? तुमाला पोर नाय, म्हंजी धाकटा पुतन्या, धाकट्याचं धाकट्याकडं. हक्क घराकडंच हाय."

"मंग फोटोत बसायचा हक्क कुनाकडं गेला?"

सगळ्यांनी माना वळवल्या. आमचे हे कोपऱ्यात तेराव्याचा लाडू खात बसले होते. अर्धा तोंडात, अर्धा हातात.

काकीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आधी तो लाडू ठेव. गाल उतरले पायजेत."

भादव्यापासून पौषापर्यंत काकीने माझ्या नवऱ्याला अर्धपोटी ठेवलं हो! एक भाकरी जास्त घेतली की म्हणायची, "तुझे काका इतकं जेवत नव्हते." हे अंधारात माझ्याकडून चतकोर मागून घ्यायचे.

मला कुणी विचारलं नाही. विचारायचं काय, घरचा हक्क. मीही हसत होते. पण म्हशाला जाताना गाडीत बसले आणि मनात आलं, की आता ह्यांच्या तोंडाला हार घालणार. तिथी आली की दर वर्षी. माझं हसणं जरा कमी झालं.

जत्रा तशीच. बैल, घोंगड्या, धूळ, आणि तोच तंबू. फोटोवाला बादलीत काहीतरी ढवळत होता. आम्हाला बघून ओरडला, "या या! यंदा कोण? आणि काका कुठं राहिले?"

काकी म्हणाली, "यंदा तेच."

त्याचा हात बादलीतच थांबला. मग त्याने हात पुसले, आणि एरवी काकांसाठी जी ठेवायचा ती खुर्ची स्वतः झटकून दिली.

काकीने काम सुरू केलं. काकांचा सदरा, काकांची टोपी. डाव्या भुवईत पांढऱ्या पिठाचा भांग, दोन्ही काठांना काजळ. मग तिने कनवटीची पुडी सोडली. मोरचूद! पाण्यात कालवून ह्यांचं उजवं बोट निळं केलं.

फोटोवाला म्हणाला, "काकी, फोटो काळा-पांढरा येतो. बोट निळं दिसणार नाही."

"मला दिसंल," काकी म्हणाली.

पडदा तिने काढायला लावला. हंस नको, खांब नको. मागे उघडा बैलबाजार. मग समोर उभी राहिली आणि सांगायला लागली. मान जरा पुढं, काई ऐकल्यागत. खांदा पाड. असा नको हसू, आतल्या आत हस, कुनाची तरी मज्जा केल्यासारखं. डावा पाय हलव, ते गप बसत नव्हते. फोटोवाला म्हणाला पाय हलला तर फोटो हलेल. ती म्हणाली, हलू दे.

काका कसे बसायचे, ते अखेर कुणीतरी सांगितलं.

ह्यांनी बोट वर केलं, आपोआप, काकीने सांगितलं नव्हतं. आणि मी, जिने ह्या माणसाबरोबर संसार केलाय, मी पटकन पदर डोक्यावर घेतला.

"काढ," काकी म्हणाली.

फोटोत पाय हललेलाच आलाय. धुरासारखा. काकीने तंबूतच तो उजेडाला धरला आणि त्याला म्हणाली, "पुढल्या जत्रेला, पुढल्या जत्रेला... आलात का एकदाचे?" 

आज सकाळी तिनेच खळ केली, बोटाने ढवळली. चौकोनात फोटो बसवला, चारी कोपरे दाबले. हार घातला, नमस्कार केला. आणि लगेच, आम्ही डोकी वर करायच्या आत, हार काढला आणि ह्यांना ओढून मागच्या दारी नेलं. मी धावले मागे. तिच्या मुठीत मीठ-मोहऱ्या होत्या. ह्यांच्यावरून उतरवत होती, ओठ हलत होते. मग मूठ मागच्या चुलीत टाकली. तडतडलं.

म्हणजे हात धुवा, हात धुवा करून दर वर्षी ती काकांना मागे न्यायची ते...

माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यास्नी सांगितलं नाय कदी. हसले असते." मग माझी मूठ उघडली आणि उरलेल्या मीठ-मोहऱ्या माझ्या हातात ठेवल्या. "आता तुझ्याकडं. हार निघाला का लगेच दृष्ट काढायची. वडे गार झाले तरी चालतील. आनि ह्याला आता दोन भाकऱ्या जास्त वाढ."

तर हे आत्ता ओट्यावर शेंगा खातायत. परवापासून तोंड किती वेळा धुतलं, पण भुवईतलं काजळ पुरतं गेलं नाही, आणि बोट तर आठवडाभर निळंच राहणार. मघाशी मी आतून हाक मारली, तर त्यांनी ते बोट वर करून "थांब" अशी खूण केली, आणि क्षणभर मला कळेचना की ओट्यावर कोण बसलंय.

आता तुम्ही एक करा. उठा, आणि तुमच्या भिंतीवर जो पागोटेवाला आजा आहे, ज्याला तुम्ही जन्मभर नमस्कार करत आलात, त्याची भुवई बघा, कान बघा, बोटं बघा. आणि मग खरं सांगा, तुमच्या घरातल्या कुणाची आठवण येते का हो? तुमच्याकडेही असं कुणी बसलं होतं का?